गळतीरोधन (तलाव व बंधारे)

तलाव, शेततळी, मातीची धरणे व बंधारे यांतून झिरपणारे पाणी माती, शेण, पाला अशा स्थानिक द्रव्यांनी रोखण्याची क्रिया. या नोंदीत मुख्यतः कोल्हापूर जिल्ह्यातील प्रघात विचारात घेतला आहे.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे याचे परिचित उदाहरण. दगडी खांबांच्या खाचांत बरग्यांच्या (आडव्या फळ्यांच्या) दोन रांगा बसवून मधल्या पोकळीत चिकणमाती भरतात. बरगे दाब पेलतात. पाणी अडवते ती माती. पावसाळा सरल्यावर, साधारणतः ऑक्टोबरात, बरगे घालतात व मृगापूर्वी काढतात, त्यामुळे माती दर वर्षी नव्याने भरावी लागते. लोखंडी बरगे आले तरी मातीची गरज सरलेली नाही. फटींत प्लॅस्टिक कोंबण्याचा सोपा मार्ग मात्र पुढे नदीलाच जाचतो.

जिल्ह्याच्या पूर्व भागातील काळी माती बेसाल्टच्या अपक्षयातून बनलेली व माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाने युक्त असल्याने भिजली की फुगते. मातीच्या धरणातील ‘हार्टिंग’ (पाणी अडवणारा मधला गाभा) याच जातीच्या मातीचे असते. वाळल्यावर तिला भेगा पडतात, म्हणून तळ्यातील थर मुरमाने झाकणे इष्ट. ३ मी. खोलीपर्यंतच्या तळ्यास दाबून बसवलेला किमान ३० सेंमी. थर लागतो. पन्हाळा-गगनबावडा पट्ट्यात जांभा सच्छिद्र असल्याने चिकणमाती बाहेरून आणावी लागते, किंवा कच्छ वा बाडमेरचे बेंटोनाइट (भिजल्यावर फुगणारी चिकणमाती) दर चौ. मी.ला सु. ५ ते १५ किग्रॅ. वापरावे लागते.

शेण व हिरव्या पाल्याचा थर मातीखाली दाबून, हवा तोडून दोन-तीन आठवडे कुजवण्याच्या पद्धतीस ‘ग्ले’ म्हणतात. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. हा शब्द रशियन-युक्रेनियन लोकभाषेतील असून रशियन मृदाशास्त्रज्ञ गी. एन. विसोत्स्की यांनी १९०५ मध्ये तो मृदाशास्त्रात आणला. यावरून तळ्यांची गळती बुजवण्याची कृतीही त्याच प्रदेशातील, असे सामान्यतः मानतात. पण मृदाशास्त्रातील ग्ले म्हणजे पाणी साचून राहिल्याने लोहाचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होऊन निळसर-करडी झालेली माती. तळ्यात छिद्रे बुजतात ती मुख्यतः जीवाणूंच्या बुळबुळीत स्रावाने. दोन्ही क्रियांना हवेचा अभाव लागतो, इतकेच त्यांचे साम्य. तेव्हा संज्ञा एका ठिकाणची व कृती अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांची, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. जनावरे तुडवून तळ घट्ट करण्याची रीतही अनेक देशांत आढळते. कोल्हापुरात मुबलक असलेले उसाचे पाचट मात्र यासाठी फारसे उपयोगी नाही. त्यात कर्बाच्या मानाने नत्र कमी असल्याने ते सावकाश कुजते. ओले गवत व ताजे शेण बरे. अशा तळ्यात लगेच मासे सोडू नयेत.

जीवाणूंकरवी कॅल्शियम कार्बोनेट साचवून भेगा बुजवण्याची पद्धत अलीकडची आहे. यूरियाच्या विघटनातून अमोनिया निघत असल्याने तिला निर्धोक म्हणता येत नाही.

तळ्यात साचणारा बारीक गाळ हे स्वतःच एक अस्तर असते. गाळाचा उपसा मुरमापर्यंत गेला की पूर्वी न गळणारे तळेही गळू लागते. पाझर तलावाची गोष्ट निराळी. खालच्या विहिरींना पाणी मिळावे म्हणूनच तो बांधतात, तेव्हा त्याचा तळ बंद करणे म्हणजे त्याचा हेतूच मोडणे.

मातीच्या धरणाबाबत वरील उपाय जपून योजावे लागतात. स्वच्छ पाण्याचा थोडा पाझर अपेक्षितच असतो. पाणी गढूळ येऊ लागल्यास आतील माती वाहून जात आहे असे समजावे. अशा वेळी खालच्या बाजूचे तोंड चिखलाने बुजवल्यास आतला दाब वाढतो. तेथे वाळू व खडीचा उलटा गाळणथर देतात, पाणी वाहू देतात व माती अडवतात. रोधक थर घालायचा तो पाण्याच्या बाजूने, पातळी उतरवल्यानंतर. भुदरगड तालुक्यातील मेघोली येथील लघुप्रकल्पाचा बांध सप्टेंबर २०२१ मध्ये फुटल्यापासून जिल्ह्यातील लहान धरणांच्या गळतीकडे अधिक लक्ष जाऊ लागले.