घरचा स्टिरिओ, पॉवर अँप आणि वॅटचा घोळ: पार्श्वभूमी

खानदेशात घरोघरी स्टिरिओ पोहोचला तो ट्रान्झिस्टर आणि आयसीच्या (एका चिपमध्ये बसवलेल्या सर्किटच्या) काळात, त्यामुळे व्हॉल्व्हचं पुराण इथे लांबवण्यात अर्थ नाही. 1960 च्या दशकातले सुरुवातीचे ट्रान्झिस्टर अँप (अँप्लिफायर) हळू आवाजातसुद्धा खरखरीत वाजत. लहरीचा वरचा आणि खालचा अर्धा भाग सांभाळणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या सांध्यावर फट राहायची. बायसिंग, म्हणजे ट्रान्झिस्टर कायम थोडे जागे ठेवणारा प्रवाह, सुधारलं आणि तो दोष मागे पडला. आपल्याकडे कानाला लागणारा चिरका आवाज बहुतेक वेळा त्यातला नव्हे. तो बारा व्होल्टांच्या तोकड्या पुरवठ्यातून आला.

एलए 4440 ही आयसी हाताखालून न गेलेला जुना मेकॅनिक जळगाव-धुळ्यात सापडणं अवघड. ब्रिज जोडणीत (दोन्ही चॅनल मिळून एकच स्पीकर) 13.2 व्होल्टवर 19 वॅट, असं तिच्या कागदावर आहे. पण तो आकडा 10 टक्के विकृती धरून, म्हणजे लहरीचे माथे छाटले गेल्यानंतरचा. त्यात 2000 नंतरच्या लोडशेडिंगात अँप बॅटरीवर चालवायची सवय लागली. बॅटरी उतरली की व्होल्टेजचं छत आणखी खाली येतं. छाटलेल्या माथ्यांतून वरच्या पट्टीचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले जादा स्वर) तयार होतात, ते थेट ट्विटरकडे, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे, जातात. ट्विटर जळाला की बोल मात्र स्पीकरला.

खरा घोळ ‘वॅट’ या आकड्याचा आहे. अमेरिकेत 1974 साली व्यापार नियामकाने घरगुती अँपची ताकद सांगताना सलग मिळणारी सरासरी पॉवर, किती ओहमवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आणि किती विकृतीसह, हे सगळं सांगायला लावलं. आपल्याकडच्या खोक्यांवर 1990 च्या दशकात पीएमपीओ (क्षणिक कमाल ताकदीचा आकडा) झळकलं. त्याची सर्वमान्य व्याख्याच नाही. विकणाऱ्याला वाटेल तो आकडा. लहानशा ट्रान्सफॉर्मरच्या डेकवर हजार वॅट छापलेले असत, आणि गिऱ्हाईक त्यावर घासाघीस करत असे! त्याला उत्तर म्हणून ‘आरएमएस वॅट’ आलं. व्होल्टेजला आरएमएस (परिणामी मूल्य) असतो, पॉवरला सरासरी. म्हणजे शब्द तांत्रिकदृष्ट्या चुकलेलाच, तरी तोच प्रामाणिकपणाचा शिक्का ठरला. यातून उरलेला गैरसमज असा की मोठा अँप स्पीकर जाळतो आणि छोटा सुरक्षित. गाण्यातला ठेक्याचा उसळता भाग सरासरीपेक्षा 10 डेसिबलने वर गेला तर त्याला दहापट पॉवर लागते. सरासरी 3 वॅटवर ऐकणाऱ्यालाही क्षणभर 30 वॅट हवेत, छोटा अँप तिथेच माथे छाटतो. स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक पॉवरवर मिळणारा आवाज) 92 डेसिबलऐवजी 86 असेल, तर तेवढ्याच आवाजाला चौपट पॉवर.

त्या मानाने गेनची (सिग्नल किती पटीने वाढवायचा याची) जुळणी दुर्लक्षित राहिली. टेपच्या मागच्या सॉकेटमधून अर्ध्या व्होल्टच्या आसपास सिग्नल येई. सीडी प्लेअर 2 व्होल्ट देऊ लागला. बऱ्याच पॉवर अँपना पूर्ण ताकदीला 1 व्होल्टही पुरतो. नॉब थोडा फिरवला की माथे छाटलेच. लग्नातल्या बँडच्या गाडीवरून उतरलेला अँप घरी आणला तर आणखी पंचाईत: तो हॉर्नमधून गर्दीवर मात करायला घेतलेला, दहा बाय बाराच्या खोलीत बसून ऐकायला नव्हे.

आता क्लास-डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारे) बोर्ड आले. टीपीए 3116 या आयसीवर दोन्ही बाजूंना 50 वॅट सांगतात, पण ते 4 ओहम आणि 21 व्होल्टवर, पुन्हा 10 टक्के विकृती धरूनच. घरात पडलेला बारा व्होल्टचा अडॅप्टर लावून 8 ओहमचा स्पीकर जोडला, तर माथा छाटला जाण्याआधी चॅनलमागे जेमतेम 9 वॅट मिळतात.