सेफ मोडमध्येही संगणक कोसळतो तेव्हा

सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर घेऊन सुरू होते. ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर बाजूला राहतो, मायक्रोसॉफ्टचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर स्क्रीन सांभाळतो आणि आपोआप उघडणारी बहुतेक सॉफ्टवेअर बंद असतात. एवढं सगळं वगळूनही निळी स्क्रीन (विंडोज कोसळल्यावर दिसणारा एररचा पडदा) येत असेल, तर संशयित थोडेच उरतात: रॅम, पॉवर सप्लाय, तापमान, डिस्क, मदरबोर्ड, नाहीतर विंडोजच्याच खराब झालेल्या फायली. अशा वेळी फॉरमॅट मारण्याची घाई अजिबात करू नका. रॅम सदोष असेल तर नवी विंडोजही त्याच रॅममधून डिस्कवर जाते आणि तिच्या फायली इन्स्टॉल होतानाच बिघडू शकतात.

पहिली तपासणी सगळ्यात सोपी, तरीही बहुतेक जण ती टाळतात. संगणक सुरू करून बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या, स्क्रीनवर अर्धा तास तसाच ठेवा. तिथे विंडोज नसतेच, त्यामुळे मशीन तिथेच बंद पडलं तर दोष हार्डवेअरकडे जातो. प्रोसेसरचं तापमानही तिथेच पाहा. सेफ मोडमध्ये तापमान दाखवणारी सॉफ्टवेअर अनेकदा चालत नाहीत, कारण त्यांचा ड्रायव्हर लोड होत नाही. काहीच काम चालू नसताना आकडा ८० अंशांच्या वर चढत असेल, तर पंखा थांबलाय, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) एका कोपऱ्यात सैल झालाय किंवा त्या दोघांमधली थर्मल पेस्ट वाळली आहे.

निळ्या स्क्रीनवरचा कोड टिपून घ्या. ‘मेमरी मॅनेजमेंट’ दिसलं तर आधी रॅम, ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ दिसलं तर आधी डिस्क आणि तिची केबल. निळी स्क्रीन न येता वीज गेल्यासारखं मशीन बंद होत असेल, तर पॉवर सप्लाय किंवा तापमान. इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजच्या नोंदवहीतली) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद फक्त मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच सांगते. तेवढ्यावरून नवा पॉवर सप्लाय आणू नये.

रॅमवर वेळ घालवणं सार्थकी लागतं. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) बंद करा आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवा. निदान ४ फेऱ्या होऊ द्या. त्याला काही तास लागतात. एक जरी चूक दिसली तरी रॅम किंवा तिचा स्लॉट संशयित धरा. मग वीज तोडून, वायर काढून, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि केबिनेट उघडा. एका वेळी एकच रॅम लावून तीच चाचणी पुन्हा करा. रॅमच्या कडेचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन्ही टोकं ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसवा. झाकण उघडलंच आहे, तर मदरबोर्डवरचे उभे, गोल कॅपॅसिटरही निरखा. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं किंवा तपकिरी गळती दिसणारं कॅपॅसिटर म्हणजे बोर्डाचं दुखणं. २४ पिनांचा मोठा प्लग आणि प्रोसेसरजवळचा प्लग पुरता आत गेलाय का, तेही पाहा.

पॉवर सप्लायची १२ व्होल्टची पिवळी वायर मीटरवर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी. पण क्षणभरासाठी पडणारा व्होल्टेज साध्या मीटरला दिसत नाही, म्हणून दुसरा चांगला पॉवर सप्लाय लावून पाहणं हीच खरी परीक्षा. पॉवर सप्लायचं स्वतःचं झाकण मात्र कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहतो.

डिस्कवर संशय असेल तर आधी डेटा वाचवा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून महत्त्वाच्या फायली बाहेर काढा, मगच चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणी चालवा. मरणाऱ्या डिस्कवर ती तासन्‌तास घासते आणि उरलंसुरलंही जाऊ शकतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा, बायॉसमधल्या बदलांनंतरही ती मागितली जाऊ शकते.

मेमटेस्ट स्वच्छ आली आणि लिनक्सवर मशीन कामाच्या ताणाखालीही तासन्‌तास टिकलं, तर बोट विंडोजकडे वळतं. रिकव्हरीच्या स्क्रीनवरून शेवटचा अपडेट काढून पाहा. कमांड प्रॉम्प्ट उघडण्याइतका वेळ मिळत असेल तर आधी ‘डिझम’ने दुरुस्ती करा, नंतर ‘एसएफसी’ चालवा; दोन्ही विंडोजच्या खराब फायली दुरुस्त करणाऱ्या कमांड आहेत. अँटीव्हायरसचे काही ड्रायव्हर सेफ मोडमध्येही लोड होतात. अँटीव्हायरस काढायचा तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा.