रिकंडिशन इंजिन बसवताय? अलाईनमेंट बोट पाण्यात गेल्यावर पुन्हा करा

मासेमारीची बंदी संपली की दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला ठरलेले फोन येतात. "इंजिन हालतंय." "गियर बॉक्सच्या मागून ऑइल येतंय." "ग्लँड (शाफ्टाभोवतून पाणी आत येऊ नये म्हणून असलेलं पॅकिंग) तापतोय, कितीही आवळला तरी पाणी थांबत नाही." बोट मिरकरवाड्याची असो, हर्ण्याची असो की साखरीनाट्याची, तक्रार तीच आणि बहुतेक वेळा कारणही तेच. इंजिनात काही बिघडलेलं नसतं. बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना मिस्त्रीने अलाईनमेंट केलेलं असतं, म्हणजे इंजिन, गियर बॉक्स आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट एका रेषेत जुळवलेले असतात, आणि पाण्यात उतरल्यावर त्याला कोणी हात लावलेला नसतो. मग सीझनचे पहिले दिवस, म्हणजे कोलंबीला भाव असतो ते दिवस, बोट जेटीला बांधून जातात आणि बोल आमच्या इंजिनाला लागतो. म्हणून हे पत्रक.

आधी आम्ही जे रिकंडिशन (पूर्ण खोलून पुन्हा बनवलेलं) इंजिन देतो त्याबद्दल थोडक्यात. रिंगा आणि बेअरिंग बदलून वरून रंग मारलेलं इंजिन आमच्याकडे मिळत नाही. लेलँड असो, किर्लोस्कर असो वा कमिन्स, इंजिन नटबोल्टपर्यंत सुटं होतं. ब्लॉक आणि हेड धुऊन तड्यांसाठी तपासतो. क्रँक ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग घालतो. लायनर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गाइड, सगळी सीलं नवी. फ्यूल पंप आणि नोजल बेंचवर कॅलिब्रेट होतात, आणि शेवटी इंजिन लोडवर चालवून प्रेशर, तापमान, धूर बघूनच बाहेर जातं. खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेला ब्लॉक आम्ही वेल्डिंग करून चालवत नाही, भंगारात घालतो. दर बाजारातल्या ओव्हरहॉलपेक्षा जास्त वाटतो त्यामागे हे सगळं आहे. नव्या इंजिनाच्या किमतीशी तुलना केलीत तर तो तसा वाटणार नाही.

बोट पाण्यात गेली की काय होतं

किनाऱ्यावर बोट ओंडक्यांवर बसलेली असते. सगळं वजन तळाखालच्या मोजक्या ठिकाणांवर येतं. पाण्यात गेल्यावर पाणी तिला सगळीकडून उचलतं, पण सारखं उचलत नाही: मधला भाग जाड, तिथे उचल जास्त, नाळेकडे (पुढच्या टोकाला) आणि मागे कमी. त्यामुळे बोटीचा आकार किंचित बदलतो. डोळ्यांना दिसत नाही, पण फिलर गेजला (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांना) दिसतो. त्यात लाकडी बोट दोन महिने बाहेर राहून वाळलेली असते, ती पाण्यात पुन्हा फुगते. फायबरची बोट फुगत नाही, तरी वाकते. त्यानंतर टाकीत डिझेल, खणात बर्फ, मागे जाळी चढतात, ते वजन वेगळंच.

इंजिनाचा बेड बोटीच्या अंगाला जखडलेला आहे. बोट हलली की बेड हलतो, बेडाबरोबर इंजिन आणि गियर बॉक्स. शाफ्ट मात्र मागे स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीच्या) बुशात धरलेला असतो. म्हणजे जुलैत गियर बॉक्सच्या आणि शाफ्टच्या फ्लँजा (टोकांच्या चकत्या) तंतोतंत जुळल्या होत्या, त्या ऑगस्टमध्ये एका बाजूला उघडतात. बोल्ट आवळले की त्या जबरदस्तीने जुळतात आणि शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात थोडा वाकून सरळ होत राहतो. मग ग्लँडचं पॅकिंग जळतं, बुश एका बाजूने खाल्लं जातं, गियर बॉक्सचं मागचं सील जातं, आणि काही आठवड्यांनी फाउंडेशनचे बोल्ट तुटायला लागतात.

काही जुने मिस्त्री म्हणतात, "एवढी वर्षं आम्ही किनाऱ्यावरच बसवतो, काय होतंय?" जुन्या, कमी ताकदीच्या, कमी फेऱ्यांच्या इंजिनाला खूप काही चालून जायचं, हे खरं आहे. आज तीच बोट सहा सिलेंडरच्या इंजिनावर जास्त फेऱ्यांनी ओढली जाते. तिथे चालत नाही.

आमची पद्धत

किनाऱ्यावर पहिलं अलाईनमेंट करायचंच, ते चुकवायचं नाही. पण ते कच्चं समजायचं. बोट पाण्यात उतरली की फायबरची बोट किमान एक पूर्ण दिवस तशीच राहू द्या, लाकडी बोट शक्य असेल तर तीन-चार दिवस. टाकीत निदान अर्धं डिझेल घाला. मग कपलिंगचे, म्हणजे दोन्ही फ्लँजा जोडणारे, बोल्ट काढा.

आधी फ्लँजचा मधला उंचवटा समोरच्या खाचेत हाताने, न ठोकता जातो का बघा. जात नसेल तर इंजिन वर-खाली किंवा आडवं सरकवायचं आहे, गॅप बघण्यात अजून अर्थ नाही. इथे एक गोष्ट मिस्त्री नेहमी विसरतात. स्टर्न ट्यूब आणि गियर बॉक्स यांच्या मध्ये लोंबणारा शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो. त्या लोंबणाऱ्या भागाचं अर्धं वजन आणि त्यावर फ्लँजचं पूर्ण वजन, एवढा आधार खालून किंवा दोरीने वरून द्यायला हवा. नाहीतर इंजिन झुकलेल्या शाफ्टाशी जुळवलं जातं.

मग दोन्ही फ्लँजा जवळ आणून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज घाला. फ्लँजच्या व्यासाच्या दर १०० मिलिमीटरला ०.१ मिलिमीटर, यापेक्षा जास्त फरक आम्ही सोडत नाही. म्हणजे सहा इंची फ्लँजला साधारण ०.१५ मिलिमीटर. गॅप सापडला तर लगेच इंजिनाला पाना लावू नका. गियर बॉक्स तसाच ठेवून शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि परत मोजा. मोठा गॅप जिथल्या तिथेच राहिला, तर इंजिन हलवायचं. शाफ्टाबरोबर तोही फिरला, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा फ्लँज नीट बसलेली नाही, तिथे इंजिन कितीही सरकवा, काही होणार नाही. ही एक तपासणी केलीत तर लेथवाल्याकडे जायचं की आम्हाला बोलवायचं, ते जेटीवरच कळेल.

खाली घालायच्या पट्ट्या स्टीलच्याच वापरा. लाकडाची पाचर, रबराचा तुकडा, पत्र्याच्या डब्याची कापलेली पट्टी, हे सगळं आम्ही इंजिनाखालून काढलेलं आहे.

पाण्यावरचं हे अलाईनमेंट आमचा माणूस येऊन करून देतो. रत्नागिरी परिसरात त्याचे वेगळे पैसे नाहीत, इंजिनाच्या दरातच धरलेलं आहे. लांबच्या बंदरात फक्त येण्याजाण्याचा खर्च. वॉरंटी कार्डावर आमची सही या भेटीनंतरच होते. "पैसे दिले तरी कार्ड अडवता" असं काही बोटमालक म्हणतात. अडवत नाही. चुकीच्या बसवणीने तुटणाऱ्या गोष्टींची हमी आम्ही देऊ शकत नाही, म्हणून बसवणी बघून सही करतो. तुमचा स्वतःचा मिस्त्री भरवशाचा असेल तर त्याने करावं, आम्ही फक्त मापं बघू.

हालतंय म्हणून फोन करण्याआधी

जेटीला बांधलेल्या बोटीत इंजिन न्यूट्रलमध्ये, ज्या फेऱ्यांना हालतं त्याच फेऱ्यांवर चालवून बघा. तिथेही हालत असेल तर ते आमचं काम, ताबडतोब फोन करा. न्यूट्रलमध्ये शांत आणि गियर टाकल्यावर हालत असेल, तर दोष मागे आहे: अलाईनमेंट, शाफ्ट, बुश, नाहीतर पंखा. पंख्याचं एखादं पान मुडपलेलं असतं, कधी जाळ्याची दोरी गुंडाळलेली असते. तांडेलाला (बोटीवरच्या प्रमुखाला) हे दहा मिनिटांत करता येतं.

पूर्ण रेसवर इंजिन प्लेटवर लिहिलेल्या फेऱ्यांना पोचत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर पंखा त्या इंजिनाला जड आहे किंवा तळाला शेवाळ-कालवं चढलेली आहेत. तसंच रेटत राहिलात तर नवं इंजिनही टिकणार नाही.

बाकीच्या गोष्टी

डिझेलची टाकी साफ केल्याशिवाय नवा फ्यूल पंप जोडू नका. तळाचा गाळ आणि पाणी पहिल्याच फेरीत नोजलात येतं. हीट एक्सचेंजरच्या नळ्या उघडून साफ करा, खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर नवा घाला. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात ते तासन्‌तास आयडलवर ठेवू नका. रिंगा लायनरला बसायला लोड लागतो, नुसतं गुरगुरत ठेवलं की लायनर गुळगुळीत होतात आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. पूजा झाली, नारळ फुटला, की बोट बाहेर काढा आणि मध्यम लोडवर चालवा. पहिल्या ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला.

जुनं इंजिन बदल्यात देताना ते पूर्ण द्या. स्टार्टर, अल्टरनेटर, फ्यूल पंप काढून घेतलेलं इंजिन आलं की त्याची किंमत तेवढी कमी धरावी लागते, मग काउंटरवर वाद होतो. काढलेल्या दिवशीच गोडं पाणी सोडून वॉटर जॅकेट धुवा. पावसाळाभर खारं पाणी आत राहिलं की चांगला ब्लॉकही वाया जातो.

कागदपत्रांचं लक्षात असू द्या. बदली इंजिन घेतलंत तर ब्लॉकचा नंबर बदलतो. मत्स्यव्यवसाय विभागाच्या नोंदणीवर आणि विम्यावर जुना नंबर राहिला तर डिझेल परताव्याच्या वेळी आणि विम्याच्या क्लेमच्या वेळी अडचण येते. आमचं बिल आणि नंबरचा फोटो घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे लगेच नोंद करून घ्या. जास्त अश्वशक्तीचं इंजिन मनात असेल तर ऑर्डर देण्याआधीच तिथे विचारा. नंबर बदलायचाच नसेल तर तुमचंच इंजिन बनवून देतो, मात्र त्याला बदली इंजिनापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

वेळेचं बोलायचं तर मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. इंजिन मे महिन्यात सांगून ठेवलंत, जूनमध्ये बसवलंत आणि बोट उतरवायची तारीख आम्हाला आधी कळवलीत, तर पाण्यावरच्या अलाईनमेंटला माणूस नक्की मिळतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या बंदरांतून एकदम बोलावणं येतं, तेव्हा नंबराप्रमाणेच येणं होतं.

चौकशीसाठी येताना किंवा फोटो पाठवताना हे सोबत ठेवा: इंजिनाची प्लेट, गियर बॉक्सची प्लेट (त्यावरचा रेशो स्पष्ट दिसला पाहिजे), पंख्याचा व्यास आणि पिच, फाउंडेशनच्या बोल्टांमधलं अंतर, आणि जुनं इंजिन नेमकं कशाने गेलं ते. शेवटचं खरं सांगा. पाणी शिरून गेलं असेल तर सायलेन्सरच्या पाइपातून शिरलं का, हे इंजिन पाठवण्याआधी आम्हाला कळायला हवं.