रॅटक्लिफ बंद, एकलहरे चालू: बंद मेगावॉटच्या तुलनेमागची पार्श्वभूमी

ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं शेवटचं वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअर, 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झालं. लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टला 1882 मध्ये सुरू झालेला सिलसिला 142 वर्षांनी थांबला. तेव्हापासून ‘त्यांनी किती मेगावॉट बंद केले आणि आपण किती’ हा हिशेब वारंवार मांडला जातो. नाशिकरोडला तो जरा जास्तच रंगतो, कारण एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या तिथून दिसतात.

गंमत म्हणजे दोन्ही केंद्रं जवळपास एकाच वयाची. रॅटक्लिफ 1960च्या दशकाच्या अखेरचं. एकलहऱ्याचे पहिले दोन संच 1970 आणि 1971 चे. पण तिकडे एकेक संच 500 मेगावॉटचा, असे चार. इकडे एकेक 140 चा, तोही पुढे 125 वर आणलेला. मग 1979 ते 1981 मध्ये 210 चे तीन संच आले. पहिले दोन वयोमानाने मोडीत निघाले आणि आता 630 मेगावॉट उरले आहेत. म्हणजे रॅटक्लिफचा एक संच बंद झाला की 500 ची नोंद होते; तेवढ्यासाठी आपल्याकडे जुन्या काळातले तीन-चार संच काढावे लागतात.

ब्रिटनमध्ये हे एका रात्रीत झालं नाही. 2001 च्या युरोपीय नियमानं केंद्रांपुढे दोनच वाटा ठेवल्या: धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवा, नाहीतर 2008 पासून फक्त 20,000 तास चालवा आणि 2015 अखेर बंद करा. किंग्जनॉर्थ 2012 मध्ये गेलं, डिडकॉट-ए 2013 मध्ये. रॅटक्लिफनं यंत्रणा बसवली होती, म्हणून ते टिकलं. 2013 पासून कार्बन उत्सर्जनावर किमान किंमत लागली आणि गॅसपुढे कोळसा महाग पडू लागला. 2012 मध्ये सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती. चार वर्षांत ती दहा टक्क्यांच्या आत आली. त्यात तिथली विजेची एकूण मागणीही घटत होती. हा मुद्दा तुलना करणारे सोयीस्करपणे गाळतात.

भारतात गंधकाचे नियम डिसेंबर 2015 मध्ये आले. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक संचांना सूटच मिळाली. तरी बंद व्हायचं ते झालंच: पंजाबातलं बठिंडा जानेवारी 2018 मध्ये, दिल्लीचं 705 मेगावॉटचं बदरपूर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. 2018 च्या राष्ट्रीय वीज आराखड्यानं 2022 पर्यंत 22,716 मेगावॉट काढण्याचा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात मागणी इतकी चढली की जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं 2030 पर्यंत कोळशाचे संच निवृत्त करू नका, असंच कळवलं.

माझं म्हणणं असं की बंद झालेल्या मेगावॉटच्या आकड्यावर दोन्हीकडे आंधळा विश्वास ठेवू नये. ब्रिटनमधल्या ड्रॅक्स केंद्राचे चार संच कोळशाच्या यादीतून गेले, पण बॉयलर पेटताच आहेत. इंधन फक्त लाकडाच्या गोळ्यांचं. इकडे नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचे जुने लहान संच गेले आणि त्याच आवारात 660 चे तीन उभे राहिले. यादीत ती निवृत्ती, प्रत्यक्षात कोळसा वाढलाच.

एकलहऱ्याला 660 चा बदली संच मिळायचा होता. प्रस्ताव वर्षानुवर्षं कागदावर राहिला. दरम्यान उरलेल्या तीन संचांचं दुखणं वेगळंच आहे. कोळसा येतो विदर्भातून, रेल्वेनं. वाहतूक धरली की युनिटमागचा खर्च चढतो, आणि वीज घेताना आधी स्वस्त केंद्रं, मग महाग, असा क्रम असतो. मागणी उतरली की एकलहरे आधी मागे सारलं जातं. कामगारांच्या भाषेत ‘झिरो शेड्यूल’: संच तयार, माणसं पाळीवर हजर, पण वीज घ्यायला कोणी नाही. त्या दिवशीही हे मेगावॉट चालू क्षमतेतच मोजले जातात.