थरथर आरशात, कारण दुसरीकडे

‘जो भाग थरथरतो, तोच खराब’ हा समज पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत पक्का बसलाय. सिग्नलला गाडीचा आरसा हलला की लोक आरसाच बदलतात. आरसा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

चार सिलिंडरचं इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी नि इंजिन चालू असताना, ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्या) दर फेरीला दोन धक्के देतं, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. ते माउंटच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या आधाराच्या, रबरातून बॉडीत आणि तिथून सीट, स्टिअरिंग, आरशापर्यंत पोचतात. ज्या भागाची नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर तो स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा हलतो ती) २७ हर्ट्झच्या जवळ, तो सगळ्यांत जास्त नाचतो.

‘कडक माउंट टाका’ हा सल्लाही असाच. धक्क्यांची वारंवारता माउंटवर बसलेल्या इंजिनाच्या नैसर्गिक वारंवारतेच्या साधारण १.४ पटीपुढे गेली, तरच रबर धक्के अडवतं. माउंट कडक केलं की ही नैसर्गिक वारंवारता वर सरकते आणि आयडलची थरथर उलट वाढते! (रेसिंगवाल्यांची गरज वेगळी.)

एक्स्प्रेस-वेवर स्टिअरिंग हलतंय? वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्या. थरथर तशीच राहिली तर चाकं-टायर तपासा; बदलली तर इंजिन आणि माउंट.