हरलं की पैज दुप्पट: ब्लॅकजॅकमधला जुना गैरसमज

ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळात ‘हरलात की पैज दुप्पट करा, एक डाव जिंकलात की सगळं वसूल’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि घरच्या संगणकावरही ते तपासता येतं.

प्रोग्रामला लाखो डाव खेळायला लावा. एका खेळाडूची पैज कायम सारखी, दुसऱ्याची हरल्यावर दुप्पट. पत्ते मात्र दोघांनीही त्याच ठरलेल्या नियमांनी खेळायचे. थोडे डाव पाहिलेत तर दुपटीवाला पुढे दिसतो, आणि इथेच माणूस फसतो. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे सलग सात डाव गेले की १२७ बुडतात. आठव्याला १२८ लावायचे, तेही १ मिळवण्यासाठी! बरोबरीचे डाव वगळले तर खेळाडू निम्म्याहून जास्त डाव हरतो, त्यामुळे अशी सात हारींची साखळी साधारण ऐंशी फेऱ्यांत (फेरी म्हणजे १ पासून सुरू करून जिंकेपर्यंतचे डाव) एकदा येतेच. पुढे टेबलाची कमाल मर्यादा किंवा खिसा, काहीतरी आडवं येतं.

शेवटी एकूण लावलेल्या रकमेशी तोटा ताडून पाहा. चांगल्या नियमांच्या टेबलावर दोघांचाही जवळपास अर्धा टक्काच निघतो. दुपटीने तोटा घटत नाही, फक्त बरेच छोटे फायदे आणि एखादा मोठा खड्डा अशी त्याची वाटणी बदलते.

मग अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ या जुन्या संगणकावर आकडेमोड करून खेळ जिंकण्याजोगा दाखवला तो कसा? त्यांची पैज मागच्या हार-जितीवर नव्हे, गड्डीत उरलेल्या पत्त्यांवर ठरायची.