दुपारी चारला गोड खावंसं वाटतं तेव्हा

आमच्या सुक्यामेव्याच्या ग्राहकांसाठी

दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेऊ : साखर सोडून गूळ सुरू केला तर चालेल ना? कोल्हापुरी गूळ आम्ही विकतो, तरीही स्पष्ट सांगतो, गुळात बहुतांश साखरच असते. थोडी खनिजं मिळतात, पण त्यासाठी खडेच्या खडे खाऊ नयेत. मधाचंही तेच. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूसुद्धा नका.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध धरून, दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे साधारण सहा चमचे. दोन-दोन चमच्यांचे चार कप चहा झाले की तेवढ्यातच मर्यादा ओलांडली.

गोडाची तल्लफ आली की आधी बघा, पोटात भूक आहे का? सकाळी नुसता चहा, दुपारचा डबा अर्धा राहिलेला, रात्री झोप अपुरी. मग चारला हात बरणीकडे जाणारच. मैद्याचं गोड बिस्कीट चटकन पचतं, पोट फार वेळ भरलेलं राहत नाही आणि तासाभरात पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं.

त्या वेळी दोन खजूर आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे खाऊन बघा. खजुरातही साखर भरपूर आहे, म्हणून दोनच. पण त्यात चोथा असतो, शेंगदाण्यांत प्रथिनं आणि तेल, त्यामुळे भूक थोपते. सुकं अंजीर रात्री पाण्यात टाका. सकाळी ते फुगून मऊ होतं, आतल्या बिया दाताखाली कुरकुरतात, सावकाश चावावं लागतं आणि एक-दोनमध्येच समाधान होतं. सांगली-तासगावचे बेदाणे मात्र पिशवीतून खाऊ नका, वाटीत काढून घ्या. पिशवी कधी रिकामी झाली ते कळत नाही. सुका मेवा दाताला चिकटतो, नंतर चूळ भरा. आणि हंगामात ताजा पेरू मिळत असेल तर आमच्या मालापेक्षा तोच आधी घ्या.

चहातली साखर एकदम तोडू नका, दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ सवय लावून घेते.

मधुमेह असेल तर खजूर, बेदाणे किती चालतील हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पावसाळ्यात पाकीट फोडल्यावर माल घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा. एकदम किलोभर घेऊ नका. १०० ग्रॅमची पाकिटं मागितलीत तर आम्ही आनंदाने बांधून देऊ.